पिवळ्या कागदावरची गाळलेली ओळ

तुमच्या घरात, कपाटाच्या दाराला आतून किंवा फ्रीजवर, एखादा पिवळा कागद चिकटवलेला आहे का? मोठ्या अक्षरांतला, एकाच बाजूला छापलेला, वर ‘कोर्ट काय म्हणालं’ असं लिहिलेला? असेल तर “हो, आहे खरा” म्हणून पुढे सरकू नका. तुम्ही तो विश्वासाने लावलात आणि त्यात तुमचं काही चुकलं नाही. पण तो कोणी लिहिला आणि अशा कागदांपैकी एकाने एका बाईचं काय करून ठेवलं, हे आता तुम्हाला ऐकावंच लागेल.

लिहायची ती कलमताई. खरं नाव टेबलाच्या परवान्यावर होतं, पण ते वाचायची वेळ कधी कोणावर आली नाही. कोणी येऊन “घरमालक त्रास देतो हो” म्हणालं की तिचा प्रश्न ठरलेला: “कोणत्या कलमाखाली?” चहावाल्याने एकदा साखर कमी टाकली तेव्हाही तिने त्याला हेच विचारलं. त्या दिवशी नाव पडलं ते पडलंच.

कोर्टाच्या जिन्याखाली, जिथे उंच माणसाला मान वाकवून उभं राहावं लागतं, तिथे तिचं टेबल. एकवीस वर्षं. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, पण खुर्ची तीच राहिली, एका पायाखाली जुन्या फॉर्मांची घडी घातलेली. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, करारनामे, निकालांच्या नकला, जे येईल ते टाइप करायचं. शिक्षण शाळेतच सुटलेलं. पण एकवीस वर्षं दुसऱ्यांची भांडणं अक्षर न् अक्षर टाइप केल्यावर डोक्यात काहीतरी राहणारच. तिच्या डोक्यात राहिला तो संताप. निकाल लोकांचा आणि भाषा वकिलांची! एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. ते संपेपर्यंत जिंकलं कोण हेच माणूस विसरायचा. निकाल हातात घेऊन लोक जिन्याखाली यायचे आणि विचारायचे, “ताई, म्हणजे माझ्या बाजूने लागला का हो?” ज्याचं घर गेलं त्यालाच ते गेल्याचं कळत नव्हतं.

म्हणून तिने पिवळा कागद काढला. फायलींच्या वेष्टनाचा उरलेला कागद पिवळा होता म्हणून पिवळा. दर सोमवारी एक निकाल, एक पान. पाण्याच्या टाकीशेजारच्या भिंतीवर चिकटवायचा आणि एक प्रत झेरॉक्सवाल्याकडे ठेवायची.

भाड्याच्या घराचा निकाल आला तेव्हा तिने लिहिलं: “मालकाने नळ तोडला. कोर्ट म्हणतं, भाडेकरूला काढायचं तर नोटीस द्या, दावा लावा, वाट बघा. पाणी बंद करणं म्हणजे नोटीस नव्हे. कोर्टाने याला ‘अनुचित वर्तन’ म्हटलंय. कोर्ट सभ्य आहे. आपण गुंडगिरी म्हणू.” ग्राहकाच्या एका तक्रारीवर लिहिलं: “पावतीवर ‘विकलेला माल परत घेणार नाही’ असं छापलं म्हणून तो कायदा होत नाही. मी माझ्या दारावर ‘येथे आजारी पडण्यास मनाई आहे’ अशी पाटी लावली तर घरात कोणाला ताप येणार नाही का?” मुलीच्या ताब्यावरून नवराबायको भांडत होते, त्यावर: “मुलगी कोणाकडे राहणार हे फ्लॅटच्या खोल्या मोजून ठरत नाही. न्यायाधीशांनी मुलीला विचारलं, तुझं दप्तर कोण भरतं? हा प्रश्न निकालाच्या चौदाव्या पानावर आहे. तो पहिल्यावर हवा होता.”

पटला नाही तर तेही लिहायची. एक म्हातारा रस्ता हळू ओलांडत होता म्हणून अपघातात अर्धी चूक त्याची, असा निकाल आला. “हळू चालणं हा कधीपासून गुन्हा झाला? वरच्या कोर्टात हे टिकायचं नाही,” असं तिने बेधडक लिहून टाकलं. आणि खरंच नाही टिकलं. पुढचे चार दिवस कलमताईचे पाय जमिनीला लागत नव्हते. काळे कोटवाले टाकीपाशी पाणी प्यायच्या निमित्ताने थांबून कागद वाचू लागले होते, हे तिने तिरक्या नजरेने बघून ठेवलं होतं.

तिचा नियम एकच, पण कडक. कागद एका पानाचा. अक्षर इतकं मोठं की म्हाताऱ्याला चष्म्याशिवाय वाचता यावं. “पान उलटायला लागलं की उभा माणूस निघून जातो,” ती म्हणायची. मजकूर जास्त झाला की एकेक ओळ काढत जायची, बसेपर्यंत.

कागद बाहेर जाण्याआधी एकच माणूस तो वाचायचा, तिचे वडील. नाना कोर्टाचे बेलिफ होते. घरोघर जाऊन नोटीस बजावायची, कोणी घेतली नाही तर दारावर चिकटवून यायचं, हेच त्यांनी जन्मभर केलं. वय झालं, गुडघे गेले, जीभ मात्र शाबूत. रविवारी दुपारी ते भिंग घेऊन कागद वाचायचे आणि काही ना काही खुसपट काढायचेच.

दोनशे बारा नंबरच्या कागदातही त्यांनी खुसपट काढलं होतं. तेवढंच तिने ऐकलं नाही.

ती बाई आली तेव्हा जेवणाची सुट्टी होती. कलमताई डबा उघडत होती. समोर तिशीतली एक बाई उभी राहिली, अंगावर कारखान्याचा निळा कोट. कामावरून काढलं तरी कोट परत केला नव्हता.

“कलमताई तुम्हीच ना?”

“बोला.”

“माझं अपील आत घेत नाहीत.”

“कोणत्या कलमाखाली?” सवयीने तोंडातून निघून गेलं.

“कलमबिलम मला नाही माहीत. मुदत संपली म्हणतात. पण संपली नाही ना? तुम्हीच तर लिहिलंय.” बाईने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेला पिवळा कागद काढला. दोनशे बारा. एका ओळीखाली पेनाने दोनदा रेघ मारली होती: ‘अपिलाची मुदत निकालाची नक्कल तुमच्या हातात पडल्या दिवसापासून मोजायची.’

डब्याचं झाकण कलमताईच्या हातातच राहिलं. “तुमचा दावा कसला? जमिनीचा?”

“जमीन कुठली आलीय ताई! कारखान्यातून काढलं मला. कामगार कोर्टात होता.”

बाई बाटल्या भरायच्या कारखान्यात अकरा वर्षं पॅकिंगला होती. शेजारच्या मशीनवरच्या बाईचा हात पट्ट्यात अडकला. ही आपलं मशीन तसंच टाकून धावली आणि तिकडचं बटण दाबलं. तेवढ्यात हिच्या पट्ट्यावरच्या बाटल्या खाली पडून फुटल्या. कंपनीने लिहिलं, परवानगीशिवाय काम सोडून गेली. खालच्या कोर्टाने कंपनीचं ऐकलं. कलमताईने तिथेच उभ्या उभ्या निकाल चाळला. हात अडकलेल्या बाईला त्यात एक ओळ होती. फुटलेल्या बाटल्यांना दीड पान.

“बोटं वाचली का तिची?”

“तीन वाचली.”

मग कलमताईने तारखा विचारल्या. विचारताना तिचा आवाज टाइप करताना असतो तसा सपाट झाला होता. कामगार कोर्टाच्या निकालावर अपील करायला तीस दिवस, आणि ते निकाल ऐकवल्या दिवसापासून. नक्कल विभागाने बाईला नक्कल दिली सव्विसाव्या दिवशी. बाईने पिवळा कागद वाचला, हातात अजून अख्खा महिना आहे असं समजली, आणि तरी घाई करून तेराव्या दिवशीच अपील घेऊन गेली. शहाण्या माणसासारखी. म्हणजे एकोणचाळिसावा दिवस. नऊ दिवस उशीर.

बाई गेल्यावर कलमताईने कॉम्प्युटरवर दोनशे बाराचा कच्चा मसुदा उघडला. मूळ निकाल जमिनीच्या दाव्यातला होता, आणि मसुद्याच्या तळाशी ती ओळ होती, स्वतःच्या हाताने लिहिलेली: ‘हे जमिनीच्या आणि इतर दिवाणी दाव्यांपुरतं. कामगार कोर्टाची मुदत वेगळी, ती आधी विचारून घ्या.’ ही ओळ दुसऱ्या पानावर जात होती. पान एकच ठेवायचं म्हणून काहीतरी काढायला हवं होतं. वर एक वाक्य होतं: ‘नक्कल विभागात आपला अर्ज पिकायला ठेवतात, पिवळा झाला की देतात.’ त्या वाक्यावर चहावाला, शिपाई, दोन वकील, सगळे हसले होते. तिने ते वाक्य ठेवलं आणि ही ओळ काढली. नाना भिंग खाली ठेवून म्हणाले होते, “तळाची ओळ कुठे गेली गं? ती तर पहारेकरी होती.” आणि ती म्हणाली होती, “नाना, वाचणाऱ्याला तेवढं कळतं.”

वाचणाऱ्याला तेवढं कळत नाही म्हणून तर कागद काढला होता!

बाईचे वकील छत्रीवकील. पाऊस असो नसो, काखेत छत्री. माणूस वाईट नव्हता, पण कामं पटापट उरकायची सवय. दुसऱ्या दिवशी तिघं जिन्याखाली उभी राहिली.

“उशीर माफ करायचा अर्ज टाकू,” वकील म्हणाले. “नऊ दिवसांचं कारण लागेल. ताप. डॉक्टर आपला आहे, सर्टिफिकेट संध्याकाळपर्यंत आणतो. रोजचं आहे हे, ताई टाइप करतीलच. काय ताई?”

कलमताईला परवान्याच्या मागचा बारीक छापील मजकूर आठवला: परवानाधारकाने कायद्याचा सल्ला देऊ नये. दिल्यास परवाना रद्द. खरं कारण कागदावर आलं तर टेबल गेलं. ती म्हणाली, “चालेल.”

“मला ताप नव्हता,” बाई म्हणाली.

“अहो, कोणाला नसतो!” वकील हसले.

“मला नव्हता. मी रोज कंपनीच्या गेटसमोर पाटी घेऊन बसत होते. गेटवर कॅमेरा आहे. त्यांच्या वकिलाने दाखवला की संपलंच.”

“मग तापात बसलात असं लिहू.”

“आणि खोटं बोलताना पकडली गेले तर अपीलही गेलं आणि तोंडही गेलं. मी कागद वाचला आणि त्यावर विश्वास ठेवला, हे खरं कारण आहे. ते का नाही लिहायचं?” मग ती कलमताईकडे वळली. आवाज चढला नव्हता, तोच जास्त लागला. “ताई, तुम्ही चालेल म्हणालात?”

जिन्यावरून माणसं वरखाली करत होती, त्यांच्या चपलांची धूळ टेबलावर पडत होती. कलमताई ती पुसत राहिली.

घरी नानांनी चहा पुढे सरकवला आणि सगळं ऐकून घेतलं.

“चूक माझ्या कागदाची, असं प्रतिज्ञापत्र दिलं तर टेबल जाईल,” ती म्हणाली.

“जाईल.”

“एकवीस वर्षं, नाना.”

“तिची अकरा.” नानांनी कप खाली ठेवला. “मी जन्मभर लोकांच्या दारावर नोटिसा लावल्या. शिव्या खाल्ल्या, कुत्री मागे लागली. पण प्रत्येक नोटिशीच्या मागे माझी सही असायची. कोणी, कधी, कुठे लावली. तू भिंतीवर दोनशेच्या वर कागद लावलेस. सही एकावर तरी आहे का?”

“सगळ्यांना माहितीय की कोण लिहितं!”

“मग कोर्टालाही सांग की. एवढी का चिडतेस?”

ती चिडली होती ते स्वतःवर, पण भांडं आदळलं नानांसमोर. नानांनी ते उचलून जागेवर ठेवलं आणि म्हणाले, “मसुदा जपून ठेवलायस ना? ओळ होती आणि तू काढलीस, हे त्यातच दिसतं. तोही जोड.”

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचं प्रतिज्ञापत्र स्वतः टाइप केलं. दुसऱ्यांची हजारो केली होती. आपलं नाव पहिल्या ओळीत टाइप करताना तिची बोटं दोनदा चुकली.

सुनावणीला खोली भरली होती. जिन्याखालचं काहीतरी वर चाललंय म्हटल्यावर टायपिस्ट, शिपाई, दोनचार रिकामे वकील, सगळे मागच्या बाकांवर. कंपनीचा वकील उभा राहिला. गुळगुळीत माणूस.

“माननीय न्यायालयाने आता पाण्याच्या टाकीवरचा कायदा ग्राह्य धरायचा का?” मागे हशा पिकला. “उद्या कोणी म्हणेल, मला न्हाव्याने सांगितलं होतं.”

न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी कलमताईला पुढे बोलावलं. पिवळा कागद आणि मसुदा त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवलेले.

“कायदा कुठे शिकलात?”

“शिकले नाही. टाइप केला.”

“ही तळाची ओळ तुम्हाला माहीत होती. मग काढलीत का?”

“पान भरलं होतं.”

“वर हे पिकायला ठेवण्याचं वाक्य आहे. ते काढता आलं असतं.”

त्या वाक्यावर पहिल्यांदाच कोणी हसलं नाही. कलमताई म्हणाली, “ते मला आवडत होतं, बाईसाहेब.”

कंपनीच्या वकिलाला आणखी काही विचारायचं होतं, पण तो बसला. यापुढे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी निकाल आला. पाच पानांचा. नऊ दिवसांचा उशीर माफ, अपील दाखल. निळ्या कोटातली बाई खाली आली, टेबलापाशी थांबली. आभार मानले नाहीत. मानावेत असं काही नव्हतंच. “आता खरी केस सुरू,” एवढंच म्हणाली. मग निघता निघता, “कागद बंद करू नका. पण नीट लिहा.”

त्याच आठवड्यात परवाना रद्द झाल्याची नोटीस आली. ती नवा बेलिफ टेबलावर चिकटवून गेला. कोपरे नीट दाबलेही नव्हते. नाना तिथे असते तर त्यांनी त्याला दोन शब्द सुनावले असते.

पण निकालाचं चौथं पान वाचलं तेव्हा कलमताईला टेबलाचं दुःख विसरायला झालं. न्यायाधीशबाईंनी लिहिलं होतं की ही सवलत या एका अर्जापुरती. कागदातली चूक आता उघड कोर्टात सांगितली गेली आहे, तेव्हा यापुढे कोणीही ‘पिवळ्या कागदामुळे मुदत चुकली’ हे कारण देऊ नये, ते ऐकलं जाणार नाही.

पुढचा कागद तिने या निकालावर काढला. टाकीशेजारच्या भिंतीवर लावायला आता मनाई होती, म्हणून झेरॉक्सवाल्याच्या काचेवर लागला. त्यात तिने निकालाचं कौतुकही केलं आणि भांडणही. “कोर्टाने विश्वास ठेवणाऱ्याला शिक्षा दिली नाही, हे चांगलं केलं. पण पुढच्याला दार बंद करताना कोर्टाने धरून चाललंय की कोर्टात जे बोललं जातं ते लोकांना कळतं. ते कळत असतं तर मला कागद काढावाच लागला नसता. आणि तरीही चूक कोर्टाची नाही. दोनशे बारा चुकीचा आहे. तो मी लिहिला.” खाली पूर्ण नाव आणि सही. हा कागद पहिल्यांदाच एका पानात बसला नाही. तळाला तिने जाड अक्षरात लिहिलं, ‘मागे पाहा’, आणि काचेला फक्त वरून चिकटवला, म्हणजे उलटता येईल.

मग ती दोनशे बारा गोळा करायला निघाली. झेरॉक्सवाला म्हणाला, “तीनशे तरी गेले असतील ताई, तो नक्कल पिकवायचा कागद सगळ्यांना आवडला होता.” शिवाय लोकांनी फोनवर फोटो काढून पुढे पाठवलेले, त्याला तर गणतीच नाही. नाना काठी घेऊन बरोबर गेले. वस्तीवस्तीतली दारं त्यांना पाठ होती. “लावलेलं काढायला मी पहिल्यांदाच बाहेर पडलोय,” असं प्रत्येक जिन्यावर म्हणत आणि गुडघ्याला शिव्या देत चढायचे. काही घरांत लोकांनी कागद काढू दिला नाही. “ताई, हाच तर चांगला होता, किती हसलो होतो!” ती त्यांना समजावायची, कधी ओरडायची. एका घरात म्हातारीने तो मुलाच्या फोटोशेजारी लावला होता. मुलगा गोदामात कामाला होता आणि त्याला कामावरून काढलं होतं. कामगार कोर्टाचा निकाल त्याच्या विरोधात लागून बावीस दिवस झाले होते. कलमताई तिथे पाणी न पिता उठली आणि त्याला हाताला धरून छत्रीवकिलाकडे घेऊन गेली.

आजवर एक्केचाळीस परत आले आहेत. ती अजून फिरते आहे, पण सगळ्या घरांपर्यंत तिचे पाय पोचणार नाहीत. त्या गोदामवाल्यासारखे आणखी किती जण आत्ता निवांत दिवस मोजत बसलेत, कोणाला ठाऊक.

तेव्हा उठा. हे वाचून खाली ठेवण्याआधी कपाट उघडा, फ्रीज बघा, फोनमधले जुने फोटो चाळा. वर उजव्या कोपऱ्यात २१२ असेल तर त्याच्या तळाशी पेनाने स्वच्छ अक्षरात लिहा: ‘हे जमिनीच्या आणि इतर दिवाणी दाव्यांपुरतं. कामगार कोर्टाची मुदत वेगळी, ती आधी विचारून घ्या.’ आणि तो कागद ज्याच्याकडून तुम्हाला आला आणि ज्याला तुम्ही पुढे दिलात, त्या दोघांनाही आजच जाऊन सांगा.